निरीक्षण विहीर क्रमांक एकोणीस

वर्षातून चार वेळा मी तिच्या काठावर वाकतो.
टेपच्या टोकाला शिसं, खालच्या दोन मीटरला खडू फासलेला.
सोडायचा. थांबायचं. ओढायचा.
खडू जिथं ओला झाला
तिथून हिशेब करून आकडा वहीत.
एवढीच नोकरी.

लागलो तेव्हा टेप तीस मीटरचा होता.
मग पन्नासचा मागवला.
आता शंभरचा आहे, आणि तोही खांद्यावर
दर मे महिन्यात थोडा हलका वाटतो,
कारण बराचसा खालीच असतो.

यावल तालुक्याच्या या पट्ट्यात
खरी नदी तापी नाही.
ती काळ्या पाइपांतून वाहते, कमरेइतकी खोल पुरलेली.
सातपुड्याच्या पायथ्याशी अर्धा गुंठा विकत घ्यायचा,
पिकासाठी नाही, एका भोकासाठी.
आणि पाणी न्यायचं नऊ किलोमीटर खाली, केळीला:
कुणाच्या बांधाखालून, कुणाच्या ओट्याखालून,
कागद करून रेल्वेखालून,
मसणवट्याला वळसा घालून.

युवराज फिरक्यांची लाइन,
तिच्यावर आडवी दोधू बेंडाळ्यांची,
दोघींच्या खाली सिमेंटची एक जुनी,
तिचे मालक वाटणीत भांडून भांडून
सुरतेला निघून गेले.
नकाशा कुणाकडे नाही.
हिरामण जोडाऱ्याला पाठ आहे सगळा.
तो जमिनीला कान लावून सांगतो:
ही चालू. ही बंद.
ही चोरून चालू.

केळी ग्रुपच्या ऑफिसात मी आलेख दाखवला.
रेघ उतरत होती, सगळे चहा पीत होते.
बेंडाळे म्हणाले, "खाली सगळं एकच हाये का, साहेब?"
एकच. दगडगोटे, वाळू, पुन्हा दगडगोटे,
डोंगरापासून तापीपर्यंत.
"म्हंजे मी बंद केलं
तर माह्यं पानी फिरके ओढतीन?"
हो म्हणालो.
फिरके हसले नाहीत.
कुणीतरी पांझरेकाठच्या फडाची गोष्ट काढली,
आजोळची, पाटकऱ्याची:
पाळी मोडली तर सरपंचालाही दंड.
खरं होतं ते.
पण ते पाणी पाटातून दिसत जात होतं.
दिसतं त्याची पाळी लागते.
न दिसणाऱ्याची कुणी लावायची,
आणि चुकली तर कुणाला कळणार?
चहा संपला. ठराव पुढच्या बैठकीवर.

एकोणीस नंबर आहे तडवींच्या पाड्याला लागून.
सायराबाई मला दर वेळी विचारते,
"तुह्या टेपाले पानी लागते, भाऊ,
आमच्या बादलीले काबर नाही लागत?"
याला वहीत रकाना नाही.

पाड्याच्या वरच्या अंगाला फिरक्यांच्या लाइनचा
एक जोड गळतो. तीन वर्षं झाली.
हिरामणसारखा जोडारी
असा जोड चुकून सोडत नाही.
तिथं हरळी माजलीय, शेळ्या येतात,
पहाटे कळशीभर तरी सुटतं.
फिरक्यांना प्रेशर कमी लागतं, हे मला माहीत आहे.
त्यांना माहीत आहे, हेही.
एकदा ते मोटारसायकल थांबवून
बराच वेळ बघत उभे होते.
मग किक मारली.

या मे महिन्यात
टेप शेवटपर्यंत सोडला.
खडू कोरडाच वर आला.
अशा वेळी "पाणी नाही" लिहायचं नसतं.
नियम आहे: "टेप अपुरा."

सायराबाईची नात शेजारी उभी होती.
"काय लागलं?"
मी म्हटलं, टेप अपुरा.
तिनं एक खडा उचलला, सोडला,
बोटांवर मोजू लागली.
मीही मोजू लागलो, मनातल्या मनात.
एक हात संपला तिचा, मग दुसरा.
आणि खालून आवाज आला,
खड्याचा नव्हे.
लांबून, दगडांमधून,
कुणाची तरी मोटर सुरू झाली होती.