ठराव क्रमांक अकरा

विषय : गवा.
सूचक हिंदुराव खाडे. अनुमोदक अजून ठरायचा.
मी ग्रामपंचायतीचा लिपिक. बोललं जाईल ते
शुद्ध करून वहीत उतरवणं, एवढंच माझं काम.
'घाला गोळी' हे शुद्ध केलं की असं होतं :
'सदर वन्यप्राण्याचा कायमस्वरूपी बंदोबस्त करण्यात यावा.'

परवा केरबाच्या आडसाली उसात शिंगं दिसली.
काल फुलेवाडीपासून पोरं आली, एकेका गाडीवर तिघं,
कुणी ड्रोन आणला, कुणी फटाक्यांची माळ.
वडापाववाल्यानं बांधालगत गाडा लावला, दुपारपर्यंत पाव संपले.
आणि तीनच्या सुमाराला तो उधळला.
केरबाची आक्काताई वैरणीच्या भाऱ्यासकट उडाली.
दोन बरगड्या, एक खुबा. सीपीआरला आहे.

यातलं वहीत येतं फक्त 'मानवी जीवितास धोका'.

धोका आहेच. नाही कोण म्हणतंय?
हजार किलोचं काळंभोर जनावर,
पायांत शाळेच्या पोरासारखे पांढरे मोजे.
परवा रात्री मोटर चालू करायला गेलो तर
पाटाच्या पाण्याला तोंड लावून उभं.
बॅटरीच्या झोतात हिरवट डोळे.
माझे पाय गेले. हात तेवढे चालले,
मी बॅटरी बंद केली.
मग नुसता पाणी पिण्याचा आवाज.
बराच वेळ.
सकाळी पाहिलं, सरीसुद्धा मोडली नव्हती.

हे मी सभेत बोललो नाही.
हेही नाही, की पन्हाळ्याच्या पायथ्यावरून नदीकडे उतरणारी
त्याची वाट जिथं होती, तिथं आता
'निसर्गरम्य बंगलो प्लॉट' अशी पाटी आहे,
आणि त्या बिनशेतीचा कागद माझ्याच टेबलावरून गेला.
चतुःसीमा मीच लिहिल्या :
पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता,
दक्षिणेस खाडे, उत्तरेस खाडे.
गव्याची वाट लिहायला रकाना नव्हता.

हिंदुराव म्हणाले, 'माणूस मोठं का जनावर?'
सभा गप्प. अशा प्रश्नाला कोण हात वर करणार?

तेवढ्यात केरबा आला, हातात दवाखान्याचा रिकामा डबा.
बसला नाही.
'गवा उभाच हुता की. माळ लावली तवा उधळला.
मग माळंवर बी गोळी घाला.'
कुणीतरी हसलं. त्यानं हसू दिलं.
'शुद्धीवर आल्यावर पयलं इचारलं तिनं, म्हस पिळली का.
दुसरं इचारलं, गेलं का त्ये बापडं.
आता काय सांगू तिला जाऊन?'

वनरक्षक रेहाना मुजावर दारातच उभी होती,
खुर्ची कुणी दिली नव्हती.
ती म्हणाली, दोन रात्री द्या मला.
नदीची बाजू मोकळी सोडा, पाणंदीत गाडी नको,
दिवे नकोत, मोबाइल नकोत.
ऊसतोड रस्त्याकडून सुरू करा, म्हणजे तो नदीकडं सरकेल.
वर कुरणात गवत राखलं, पाणवठे भरले, तर खाली यायची वेळ कमी येईल.
भरपाईचे कागद मी स्वतः घेऊन येते.
'आणि पुढच्या वर्षी दुसरा आला तर?' हिंदुराव.
'तर पुन्हा दोन रात्री,' ती म्हणाली.
'मारलेल्या गव्याची जागा रिकामी राहत नाही, काका.
रिकामी वाट मात्र राखता येते.'

बाजूनं एकोणीस, विरोधात बावीस,
की उलट? मोजताना गलका झाला, फेरमोजणी उद्यावर गेली.
मी जुन्या ठरावाखाली नवा लिहून ठेवला, पहिल्यांदाच अशुद्ध :
'दिवे मालवा. त्येला जाऊ द्या.'
सूचक केरबा.
अनुमोदकाची जागा मोकळी.
लिपिकाला मत नसतं.

वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं,
चौकात जाऊन हायमास्टचं बटण खाली ओढलं.
एकदम काळोख. कुणीतरी शिवी दिली.
मग हळूहळू गुऱ्हाळाचा वास आला, काकवीचा,
आणि लांब उसात, पाचोळ्यावर,
काहीतरी जड, सावकाश
चालू लागलं.