एकशेपस्तीस, एकशेपाच, पंच्याऐंशी

हारून शिकलगार लेन्स दाखवत नाही, आधी चौकशी करतो.
"कुणाचा फोटो काढायचाय?"
माणसाचा, म्हटलं.
"ते कळलं वो. माणूस थांबतो किती लांब?"

सांगलीत, गणपती पेठेमागचा बोळ. हवेत हळद,
इतकी की त्यानं काउंटरवर अंथरलेलं पांढरं फडकं
दुपारपर्यंत लग्नघरातलं होतं.
त्यावर तीन नळकांडी, तोंडं वर करून.

कॅमेरा माझा जुनाच, रशियन झेनिट,
पाट्यासारखा जड, बेचाळीसच्या आट्यांचा.
चौऱ्याऐंशी साली दोघांनी मिळून घेतलेला,
मी आणि सुकुमार.
वाटणीत कॅमेरा मला आला
आणि त्याची चामड्याची पेटी त्याला.
पंच म्हणाले, वस्तू दोन, भाऊ दोन.
हिशेब बरोबर होता.

पहिली एकशेपस्तीसची. जपानी.
रिंग फिरते तुपातून बोट फिरावं तशी.
"हिला इथं उंबऱ्यातच हुबं रहा.
समोरच्याला पत्ता लागत नाही."
समोर सुकुमारचं सुतळी-दोरखंडाचं दुकान.
हारूननं मुद्दाम तिकडं तोंड करून दिली
की बोळात दुसरं बघण्यासारखं काही नाही म्हणून,
कोण जाणे.

फिरवत गेलो. आधी नुसता पिवळट गोळा.
मग त्यातून भाऊ निघाला.
कानावरचे केस पांढरे. चष्म्याची दांडी
विकायच्याच सुतळीनं बांधलेली.
दोरा दातानं तोडतो अजून,
आई ओरडायची त्यावरून.
आणि मागं खिळ्याला ती पेटी.
तिच्यातून त्यानं बिलबुक काढलं,
झाकणाचं बटण लावलं. ते निघालं. परत लावलं.
ते बटण माझ्या हातून बिघडलेलं.
बारा वर्षं रोज या बोळातून जातो,
एवढं कधी दिसलं नव्हतं.

दुसरी, एकशेपाच.
"हिला साडेतीन फूट पुढं जावं लागंल."
म्हणजे बरोबर बोळाच्या मध्ये,
गटाराच्या जाळीवर. गेलो.
कॅमेरा डोळ्याला लावतोय तोवर पोत्यांचा हातगाडा आला.
हमाल म्हणाला, "काका, एका कडंला व्हा की,
हिकडं न्हाईतर तिकडं."
मी इकडं झालो.

तिसरी पंच्याऐंशी. बसकी, तोंडानं मोठी,
एकोणीसच्या पुरात बुडालेली.
खोलून पुसलीय, पण आत कडेला बुरशीचा एक धागा राहिलाय.
फोटोत येत नाही.
समोरून ऊन आलं तर तेवढं धुकं धरते.
त्या पुरात बोळातल्या सगळ्या भिंतींवर
पाणी एकाच रेघेला थांबलं होतं.
शाळेतल्या छावणीत आम्ही सातवी अ मध्ये, ते सातवी ब मध्ये.
नळ एकच होता. वेळा वेगळ्या ठेवल्या.

"हिला सहा फूट धरा," हारून म्हणाला,
"म्हंजे त्यांच्या पायरीपाशी.
तिथनं 'जरा हिकडं बघ' म्हणावंच लागतंय."

किंमत विचारली. बुरशीमुळं हीच सगळ्यांत कमी.
स्वस्त आहे म्हणून घेतो, असं मी मोठ्यानं म्हणालो.
दोनदा.

त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळली.
"कॅमेऱ्याला पेटी न्हाई व्हय? हळद बसती."
आहे, म्हटलं. एका ठिकाणी आहे.

पैसे मोजून घेताना, मान खाली घालूनच, म्हणाला,
"पूर्ण उघडी ठेवून काढलात तर एकच डोळा धरती ही.
दुसरा पुसट येतो.
कुठला धरायचा ते तिथं गेल्यावर बघा."

रोलमध्ये अकरा फोटो शिल्लक आहेत.
आणि घरात, आत्ता आठवलं,
सुतळी संपलीय.