नावे

आलं ते जमा.
गेलं किंवा द्यायचं राहिलं, ते नावे.
मला एवढंच शिकवलेलं.
मी पास्को ट्रेनोवेथ, कोठाराचा कारकून.
नदीच्या मुखाशी आम्ही ऑगस्टात उतरलो,
जिथं आमच्यातलं अजून कुणी पुरलेलं नव्हतं.

जमा : खिळे, सहा पिंपं.
जमा : वाटाणे, पैकी निम्मे किडके.
निळे काचमणी, दोन पेट्या.
एक घंटा, जिला टांगायला चर्च नव्हतं.
माणसं एकशे चार.

कंपनीनं दिलेल्या नकाशात
ही जागा कोरी होती,
कुणीतरी शाई वाचवल्यासारखी.
उतरलो तर त्या कोऱ्यात मका उभा,
मासे वाळवायच्या काठ्या,
आणि आमच्यावर भुंकत आलेलं एक कुत्रं
ज्याला झाडीतून कुणीतरी
नावानं हाक मारून मागं बोलावलं.

मग थंडी.
तिच्याबद्दल कंपनीच्या पत्रकात चकार शब्द नव्हता.
दौत काखेत धरून शाई वितळवायचो,
चार ओळी होईतो पुन्हा गोठायची.
जानेवारीत गॅरेट मॉसची बोटं काळी पडली,
मग पाय, मग तो सगळाच.
गॅरेट मॉस, नावे.
बूट एक जोड, जमा.

ती आली ती बर्फावरून,
पायांना विणलेल्या जाळ्या बांधून,
जिथं आम्ही कमरेपर्यंत रुतायचो तिथं
न रुतता.
पाठीवर वाळवलेले वाम, पाच जुड्या.
मी मण्यांची पेटी उघडली.
तिनं एक मणी उचलला, उजेडात धरला,
परत ठेवला.
मक्याचा हात केला, कमरेएवढा, खांद्याएवढा :
तेव्हा द्या.

म्हणजे उसनं. म्हणजे नाव लागणार.

तिनं दोनदा सांगितलं.
पहिल्यांदा त्यात पाणी ऐकू आलं,
दुसऱ्यांदा पाणी नाही, कुणीतरी चटई बाजूला सारल्यासारखं.
आमच्या अक्षरांत दोन्ही बसेना.
मी तीन तऱ्हांनी लिहिलं
आणि तिन्ही वाचून दाखवली.
तिसऱ्याला ती इतकी हसली
की पिंपाला टेकली.
त्या हिवाळ्यात कोठारात कुणी हसल्याची
तेवढीच नोंद, आणि ती मी केली नाही.

मार्चपर्यंत ते वाम पुरले.

सुतार अ‍ॅम्ब्रोसनं किल्ल्याची चौथी भिंत
कधी घेतलीच नाही हाती.
सगळे किनाऱ्यावर, रात्रीसुद्धा, मशाली लावून.
घरांसाठी आणलेले खिळे
एका नावेला लागले.
या देशात आम्ही पुरं केलेलं
एकच काम ते,
आणि त्याचं तोंड घराकडे.

वाटाणे संपत आले, तेव्हा पलीकडच्या वस्तीत
आमचे बारा जण बंदुका घेऊन गेले
आणि बियाणं घेऊन आले. मी मोजून घेतलं.
मका, नऊ पोती, जमा.
कुणाकडून, तो रकाना मोकळा ठेवला.
त्यानंतर तिकडं माणसं खोकू लागल्याचं ऐकलं.
आमच्यातही दोघं खोकत होते.

ती आली नाही.
मका कमरेएवढा व्हायच्या दिवसांत
मी एकदा काठावर जाऊन उभा राहिलो,
मणी खिशात. पेरलेलंच नव्हतं तिकडं.
ते कुत्रं होतं. भुंकलं नाही.
हाक मारावी म्हटलं,
तर त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं.

प्लिमथला कंपनीच्या तपासनिसानं
बोट ठेवलं त्या ओळीवर.
“वाम, पाच जुड्या. देणं तीन माणसांचं?”
एकाच बाईचं, म्हटलं.
“बिगारी? व्यापारी? कोण?”
मी तोंड उघडलं.
पाण्यासारखं काहीतरी यायला हवं होतं, आलं नाही.
त्यानं पट्टी घेतली, तिन्ही नावांवरून
सरळ एक रेघ ओढली,
आणि समोरच्या बाजूला,
माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या अक्षरात लिहिलं :

वाम, पाच जुड्या. सापडल्या.