केळ्याची नाडी

लुथुली अव्हेन्यू, तिसरा मजला, जिन्याला लागून
दीड हात काच आणि एक ट्यूबलाइट,
एवढंच माझं दुकान.
सकाळी चार्जिंगला लावली की घड्याळं
एकेक करून डोळे उघडतात
आणि कुणी विचारायच्या आत
आपापली हुशारी सांगू लागतात.

मोराआबाई किसीहून रात्रीच्या बसने आल्या होत्या.
निवृत्त शिक्षिका. गणित, आणि मैदानावर शिट्टी.
खांद्याला पिशवी, पिशवीत केळ्यांची फणी,
नैरोबीतल्या भाचीसाठी.
म्हणाल्या, डॉक्टर सांगतात
हृदय मधेच एखादा ठोका गाळतं.
शुद्धलेखनात पोरं ओळ गाळायची, तसं.
चालायला सांगितलंय रोज, बेताने.
पाच हजार शिलिंग आहेत.
साडेपाच नाहीत, आधीच सांगते.

मी तीन मांडली.
नऊ हजारांचं त्यांनी हात न लावता परत केलं:
हा मुलगा पास होणारच,
याचा पेपर मी कशाला तपासू?

राहिली दोन.
बावीसशेचं चकचकीत, सोनेरी कडा,
ठोके सांगतं, रक्तदाब सांगतं, साखर सांगतं,
मन उदास असेल तर तेही सांगतं.
पंचेचाळीसशेचं करडं, रबरी पट्टा,
ठोके, पावलं, झोप. पुढे गप्प.

बाईंनी आपल्याच मनगटावर दोन बोटं ठेवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
ओठांतल्या ओठांत अख्खं मिनिट मोजलं.
चौऱ्याऐंशी.
सोनेरी म्हणालं, बहात्तर.
करड्याने हिरवा दिवा मिचकावला, वेळ घेतला,
त्र्याऐंशी.

मग त्या जिना उतरल्या. तीन मजले.
आणि चढून आल्या, मी नको नको म्हणत असताना.
धापेतच बोटं ठेवली. एकशे अठरा.
करडं चाचपडलं: एकशे नऊ... एकशे सोळा.
सोनेरी, घामाचा थेंबही न पुसता, बहात्तर.

बाई माझ्याकडे बघून हसल्या नाहीत.
पिशवीतून एक केळं काढलं,
सोनेरी घड्याळ त्याच्या कमरेला बांधलं.
शेजारचा चार्जरवाला ओकेलो मान लांबवून बघत होता.
केळ्याची नाडी, बहात्तर.
केळ्याचा रक्तदाब, उत्तम.
केळ्याचं मन, प्रसन्न.

करड्याची पाळी आली.
दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला.
काचेवर दोन आडव्या रेघा.
बस, दोन रेघा.

"याला 'येत नाही' म्हणता येतं," त्या म्हणाल्या.
"चाळीस वर्षांत अशी पोरं मला किती भेटली
बोटांवर मोजता येतील.
होयबा वर्गभर."

मला राहवलं नाही. म्हटलं, बाई,
गाळलेला ठोका यालाही दिसेलच असं नाही.
बोटं सोडू नका. डॉक्टर सोडू नका.
त्यांनी पाच हजार मोजून दिले,
पाचशे परत घेतले, तेही मोजून,
आणि ते केळं माझ्या काचेवर ठेवून गेल्या.

दोन दिवसांनी फोन.
"अरे, बसमध्ये बसल्या बसल्या
याने माझी अकराशे पावलं लावली!"
रस्ता खराब आहे बाई, मी म्हटलं.
"रस्त्याची पावलं माझ्या नावावर नकोत,"
आणि त्यांनी ती वजा कशी करायची ते विचारलं.
मला ठाऊक नव्हतं.
तसं सांगितलं.
पलीकडे जरा वेळ शांतता,
मग, "बरं."

सोनेरी आता माझ्याच मनगटावर आहे.
विकवत नाही, फेकवत नाही.
गाळ्याचं भाडं दोन महिने थकलंय: बहात्तर.
धाकट्याला रात्रभर ताप होता: बहात्तर.
शटर ओढताना कधीकधी
पट्ट्याखाली दोन बोटं सरकवतो,
मोजायला लागतो,
आणि तीस-पस्तीसच्या आसपास
कुणीतरी जिन्यावरून हाक मारतं.