द्घ

इतवारीत, सराफ्यामागच्या गल्लीत
मी दगडावर अक्षरं खोदतो.
काळा ग्रॅनाइट, सोनेरी रंग, अक्षरामागं नऊ रुपये.
जोडाक्षराचे जास्त घेत नाही.
वडील घेत असत.

एक जोडाक्षर अजून छळतं,
द च्या पोटाखाली लोंबलेला घ.
तिथं छिन्नी सरकली की शिळा बाद,
मान्यवरांची अठरा नावं तिच्यासकट बाद.

मे महिन्यात, भर दुपारी
सक्करदऱ्याच्या वाचनालयाची कोनशिला बघायला
उमाठे बाई आल्या. पूर्वी संस्कृत शिकवत.
कूलरपुढं बसून पदराला वाळ्याचा गारवा लागू दिला
आणि म्हणाल्या, "पुंडलिक,
हा शब्द कधी फोडून पाहिलास?"
"फुटला तर पैसे कापतात जी."

हसून त्यांनी दगडावरच्या भुकटीत बोट फिरवलं.
घट् म्हणजे जुळणं. मागं उद् लागला की
जुळलेलं सुटतं, कवाड मोकळं होतं.
फीत नाही यात, कात्री नाही.
जुन्या कोशात विहिरीच्या रहाटालाही हेच नाव.
मग लोकांच्या तोंडी 'उग्घाड' झाला,
आणखी झिजला, आणि आपलं
उघड.

"म्हणजे 'उघड ना बे दार' अन् हे...?"
"एकाच घरचे. एक रोज राबला,
एकाला आपण पत्रिकेत छापतो."
जाताना त्यांनी भुकटी फुंकली नाही. मीही.

मंत्री तेव्हा आले नाहीत. नंतरही नाहीत.
तारीख मी दोनदा लांबी भरून बुजवली.
तिसऱ्यांदा भिंतीवरच खोदायला गेलो, पहाटेच,
कारण दहानंतर दगडाला हात लावता येत नाही.

शिळेवरचा जांभळा पडदा उन्हानं विटलेला.
पायरीवर परीक्षेवाली पोरं, प्रत्येकाजवळ
गारव्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली.
पंचफुलाबाई किल्ली घेऊन आल्या,
कुलपात खोबरेल सोडलं,
खांद्यानं दार ढकललं.

"उद्घाटन कधी आहे जी?" मी विचारलं.
"मले काय माहीत? सरका बाप्पा,
पोरायले आत जाऊ द्या."

मी तारखेची जागा मोजली.
दोन आकडे, एक महिना. साल कोणतं टाकू
ते कोणी सांगितलं नव्हतं.

परतलो तर दुकानाचं शटर
गुडघ्याएवढं वर येऊन अडलं.
हत्यारं आधी आत सरकवली,
मग मी.