कोअर क्रमांक सतरा

दीड इंच जाडीचा, करंगळीहून थोडा लांब
वालुकाश्माचा हा तुकडा आला तेव्हा
चिठ्ठीवर एवढंच होतं: खोली दोन हजार एकशे चाळीस मीटर.
कुठली, ते कंपनी सांगत नाही.
जळगावात मे महिन्याच्या दुपारी हातात घेतला
तर गार लागला.

आधी त्याच्यातली हवा ओढून घ्यायची,
मग मिठाचं पाणी पाजायचं, मग तेल.
रबरी बाहीत घालून पोलादी नळकांड्यात बसवायचं,
एका अंगाने दाब द्यायचा
आणि दुसऱ्या अंगाला बसून राहायचं.
थेंब.
थेंब.
दोनशे बारा मिलिडार्सी, मी वहीत लिहिते.
हिलालअण्णा म्हणतात, बोलका दगड आहे.

मग दुसऱ्या तोंडाने चिखल.
बेंटोनाइट, बराइट, गवारीचा डिंक,
कंपनीच्या कृतीबरहुकूम ढवळलेला,
कढीहून दाट, घाट्याहून पातळ.
चार तास, नव्वद अंश, दाबाखाली.
उघडलं की दगडाच्या तोंडावर दोन मिलिमीटरचा थर.
अण्णा तो नखाने सोलून उजेडात धरतात,
"हाई देख, बिबडी."

बिबडी सोलता येते.
जे बोटभर आत गेलं, छिद्रांच्या गळ्यात बसलं, ते नाही.
धुतलं. प्रवाह उलटा फिरवला. लाईट गेली, आली.
एकोणऐंशी.
पुन्हा लावून पाहिलं, एक्याऐंशी.
दोनशे बारापैकी.

अण्णा त्या आकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.
प्रयोगशाळेत यायच्या आधी बावीस वर्षं
ते तापीकाठी बोअर घालत हिंडलेले,
शिरपूर, थाळनेर, नदीच्या गाळात रोटरी लावून.
भिंत ढासळू नये म्हणून असाच चिखल,
मोजमाप कुणाकडे होतं,
पोतं फोडायचं, ओतायचं,
अंदाज चुकला तर आणखी एक.

शुक्रवारी ते डब्यातून वाळू घेऊन आले.
थाळनेरची, एवढंच बोलले.
सगळे गेल्यावर आम्ही ती नळीत ठासली,
पाणी सोडलं: धार.
चिखल सोडला, थांबलो, पुन्हा पाणी.
मी थेंब मोजत होते, मिनिटाला सहा, मग चार.
अण्णा मोजत नव्हते.
"शाळानी बोअर व्हती. एकशेसाठ फूट.
माले वाटनं, पानी नही शे."
मास्तरांनी वर फरशी टाकली.
पोरं तिच्यावर बसून डबा खातात
म्हणे अजून.

मी काही म्हणाले नाही.
कपाटातून फॉस्फेटची बरणी काढली, वजन केलं,
माती सुटी करायला किती लागेल ते कागदावर लिहून दिलं,
आणि हेही लिहिलं की इतक्या वर्षांनी
उपयोग होईलच असं नाही.
कागद त्यांनी टोपीत ठेवला.

शनिवार, रविवार मी अहवाल पुरा केला.
पारगम्यता परत आली: अडतीस टक्के.
शिफारस: बराइटची भुकटी बदलावी,
छिद्रांचा आकार मोजल्याशिवाय कृती ठरवू नये.
कुठल्या तरी थंड खोलीत कुणी तरी हे वाचेल,
कदाचित फक्त शेवटचं पान.

सोमवारी अण्णा अकराला आले,
कधी नव्हे ते उशिरा.
कोअर क्रमांक अठरा बाहीत सरकवला,
नट आवळला, वॉल्व्हवर हात ठेवून
काट्याकडे बघत राहिले.
मी विचारलं नाही.
त्यांच्या नखांत पिवळी माती होती,
ओली.