एकशे एकोणपन्नास

राणी घेतली होती, कव्हर बाकी होतं.
स्ट्रायकर रेषेवर, समोरच्यानं श्वास धरलेला,
आणि नेमकी तेव्हा
केसांच्या तेलाची बाई आली.

"आली भवानी," नाना म्हणाले.
जेल रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत
दिवसातून चाळीसदा जाहिरात. ती केस झटकून गेली
की पाच मिनिटांत कर्ज देणारा,
मग पाथर्डी फाट्याला टू बीएचके विकणारा.
नाना प्रत्येकाला उत्तर द्यायचे.
केसच नाहीत, बाई.
कर्ज फिटलं, साहेब, पंच्याण्णव साली.
आणि उजवा अंगठा, झटका आल्यापासून लाकडी झालेला,
उचलून 'वगळा'वर टेकवायचे.
कधी बसायचा. कधी जाहिरातच उघडायची
आणि आम्ही दोघं तेलाच्या दुकानात.

एक तारखेला मीच पैसे भरले.
अंबडहून पहिली पाळी करून, कंपनीच्या बसमधून उतरून
मला ते तेल ऐकवत नव्हतं.
असे काय मोठे पैसे?
द्राक्षं असती तर दोन किलो,
सीझन संपत आला असता तर तीन.

दोन दिवस नाना गप्प.
तिसऱ्या दिवशी: "फोन बिघडलाय. बाई येत नाही."
सांगितलं. किती? तेही सांगितलं.
"कुणाला दिले?"
याचं उत्तर मला येईना.

तीस वर्षं नोटप्रेसमध्ये, तपासणीच्या टेबलावर.
खिशातले पैसे गेटवर ठेवून आत जायचं
आणि दिवसभर बघायच्या दुसऱ्यांच्या नोटा:
शाई पसरली का, नंबर सरकला का.
खराब कागदालाही वही होती.
वाया जाणारंसुद्धा मोजून वाया जायचं.
त्या माणसाला मी म्हणाले, ते आपोआप कापतात.
"आपोआप," नाना म्हणाले,
आणि तो शब्द उजेडाकडे धरावा
तसे बघत राहिले.

मग कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब.
रोजच्या चाळीस, सरासरी दहा सेकंद,
महिन्याचे तीन तास वीस मिनिटं.
"एवढी वाचली ना? मग दे माझी. कुठं ठेवलीस?"
मस्करीच होती. पण मी खरंच शोधली.
एक मॅच संपायची, दुसरी लागायची,
मधे चहा मागायला फट नाही.
बीपीची गोळी बाई यायची तेव्हाच आठवायची
हे बाई गेल्यावर कळलं.
वीस तारखेला फिजिओच्या शिरसाठ मॅडम आल्या,
अंगठा दाबून बघत म्हणाल्या,
काय हो, व्यायाम सोडला का?

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.
रात्री अकराला, भांडी आवरल्यावर,
कानात वायर घालून मीही बघायचे.
कुठल्याशा देशातला एक माणूस
दगडावर दगड ठेवून बांध रचतो. बोलत नाही.
आणि मधे येऊन कुणी मला काही विकत नाही.
दिवसभरात तेवढंच.
त्याचे दीडशे जास्त की कमी
मला खरंच सांगता येत नाही.

"बंद करू का?"
"भरलेत ना आता? महिना संपू दे."
तीस तारखेला नाना पहाटेच बसले वसुलीला,
चार्जर लावून, उशीला टेकून,
सलग अकरा मॅच. डोळे लाल.
जेवणसुद्धा हातात ताट धरून.

एक तारखेला बाई आलीच नाही.
बंद करायचं मी विसरले होते.
म्हणजे, विसरले असंच मी सांगितलं.
फोनवर मेसेज: एकशे एकोणपन्नास, पुन्हा.

नाना रागावले नाहीत.
"नोट जाते तेव्हा निदान बोटाला कळतं," म्हणाले,
आणि तो न वळणारा अंगठा जिभेला लावून
हवेतल्या हवेत
एकेक सरकवू लागले.
मी भाजी फोडणीला टाकली
तेव्हा बेचाळीसवर होते.